मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा : घरगुती प्लग-मीटरचे परीक्षण

महागाई वाढली की घरोघरी पहिली गदा येते ती दिव्यांवर. खोलीतून बाहेर पडणाऱ्याला मागून हाक मारून दिवा बंद करायला लावले जाते, मोबाइलचे चार्जर सॉकेटमधून काढून ठेवले जातात आणि एवढा कडक पहारा ठेवूनही विजेचे बिल जागचे हलत नाही. मग दोष दरवाढीला दिला जातो. तो काही अंशी खराही असतो. पण घरातली कोणती वस्तू किती वीज खाते हे कोणी मोजलेलेच नसल्यामुळे काटकसर कुठे करायची हे सवय ठरवते, आणि सवय नेहमी डोळ्यांना दिसणाऱ्या खर्चाकडे धावते. ही उणीव भरून काढणारे एक छोटे, साधे आणि फारसे महाग नसलेले उपकरण बाजारात बऱ्याच वर्षांपासून मिळते. त्याला कोणी एनर्जी मीटर म्हणतात, कोणी वॅट मीटर. येथे त्याला प्लग-मीटर म्हणू.

हा मीटर सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर खोचायचा आणि मीटरच्या तोंडावरच्या सॉकेटमध्ये फ्रिजची, इस्त्रीची किंवा दूरदर्शन संचाची पिन लावायची, एवढीच त्याची जोडणी. पडद्यावर त्या क्षणी लागणारी वीज वॅटमध्ये दिसते, मीटर लावल्यापासून वापरलेली एकूण वीज युनिटांत दिसते आणि त्यासाठी किती वेळ गेला तेही दिसते. व्होल्ट, अँपिअर, पॉवर फॅक्टर वगैरे आकडे बटण दाबत गेले की एकेक करून येतात, पण घरखर्चाच्या दृष्टीने पहिले तीनच कामाचे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते, एवढे माहीत असले की हे यंत्र वापरायला आणखी काही शिकावे लागत नाही.

बिल हे खर्च समजून घेण्याचे फार वाईट साधन आहे. ते महिनाभराच्या सगळ्या वापराची एकच बेरीज सांगते आणि तीही पैसे खर्च होऊन गेल्यावर. ही अडचण विजेच्या धंद्याइतकीच जुनी आहे. १८८० च्या दशकात एडिसनच्या कंपनीचे मीटर रासायनिक होते; त्यांत झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत आणि कंपनीचा माणूस ठरावीक मुदतीने त्या काढून नेऊन त्यांच्या वजनात पडलेल्या फरकावरून वापर ठरवत असे. ग्राहकाला स्वतःचा वापर वाचता येण्याची त्यात सोयच नव्हती. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये प्रत्यावर्ती विजेसाठी वॅट-तास मोजणाऱ्या मीटरचे पेटंट घेतले आणि पुढे फिरत्या चकतीचे मीटर घरोघरी पोहोचले. आकडा वाचता येऊ लागला खरा, तरी तो संपूर्ण घराचा एकत्रित आकडा राहिला. प्लग-मीटर त्या बेरजेतली प्रत्येक रक्कम सुटी करून दाखवतो, आणि त्याचा खरा उपयोग तोच आहे.

मीटर हाती आल्यावर बहुतेक जण प्रथम दिवा मोजतात. टेबलावरच्या दिव्यातला ९ वॅटचा एलईडी बल्ब पडद्यावर खरोखरच ९ च्या आसपास आकडा दाखवतो, आणि तेवढाच उजेड देणाऱ्या जुन्या तारेच्या बल्बला सुमारे ६० वॅट लागत असत हे आठवले की दिव्यांबाबतची मोठी बचत आधीच होऊन गेली आहे हे ध्यानात येते. दिवा बंद करण्याची शिस्त चांगलीच आहे, पण ती ज्या काळात रुजली त्या काळात दिवा आजच्या सहा-सात पट वीज खात होता. शिस्त तशीच राहिली आणि खर्च दुसरीकडे सरकला.

तो कुठे सरकला हे पाण्याशी संबंधित कोणतेही उपकरण मीटरवर लावले की कळते. पाणी तापवणे हे घरातल्या विजेच्या सर्वांत जड कामांपैकी एक आहे, आणि त्याचा हिशेब निसर्गानेच ठरवून दिलेला असल्यामुळे त्यात कोणत्याही कंपनीचे कौशल्य फारसे चालत नाही. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल लागतात आणि एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. यावरून एका अंघोळीपुरते १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा दिवा ५८ तास जळतो. चार माणसांच्या घरात रोज चार वेळा असे पाणी तापत असेल तर वर्षाकाठी सुमारे ७६० युनिटे होतात. त्यातले पाणी ५ अंशांनी कमी तापवले, म्हणजे अंगावर घेताना जेमतेम जाणवेल एवढाच फरक केला, तरी वर्षाला जवळपास १२७ युनिटे वाचतात. रोज पाच तास जळणारे सात दिवे वर्षभर बंद ठेवले तरी एवढी बचत होत नाही. गिझरचे बटण थोडे खाली फिरवायचे काम एकदाच करावे लागते, दिव्यांमागे मात्र रोज धावावे लागते.

मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, ही म्हण या आकड्यांना जशीच्या तशी लागू पडते.

साठवणीच्या गिझरचे आणखी एक रूप मीटर दाखवतो. रात्री कोणी पाणी वापरत नसताना गिझर चालू ठेवून सकाळी मीटर पाहिला, तर न वापरलेल्या पाण्यावरही काही युनिटांश खर्च झालेला असतो. टाकीतले पाणी हळूहळू निवते, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवतो आणि असे रात्रभर चालते. टाकीचे आवरण चांगले असेल तर हा आकडा लहान येतो, जुने किंवा खराब असेल तर डोळ्यांत भरण्याइतका मोठा येतो. गिझर कायम चालू ठेवावा की लागेल तेव्हाच लावावा, यावर घरात चालणारे वाद एका रात्रीच्या मोजणीने मिटू शकतात. मात्र येथे एक काळजी घ्यावी लागते. मीटरची क्षमता १० अँपिअर आहे की १६, हे आधी पाहावे. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट आणि १० अँपिअर म्हणजे २,३०० वॅट. गिझरवर छापलेला आकडा यापेक्षा कमी असला पाहिजे आणि तरीही मीटर अधूनमधून हात लावून फार गरम होत नाही ना, याची खात्री करावी. स्नानगृहात, पाण्याचे शिंतोडे उडतील अशा ठिकाणी तर तो लावूच नये.

स्वयंपाकघरातली गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. विजेच्या शेगडीवर किंवा किटलीत एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सिद्धान्ताप्रमाणे ०.०८७ युनिट लागते. मीटरवर प्रत्यक्षात ०.१ च्या आसपास आकडा येतो, कारण काही उष्णता भांड्यात आणि हवेत जाते. लागणार आहे पाव लिटर आणि उकळले एक लिटर, तर तीन चतुर्थांश वीज वाया, हे सांगायला यंत्राची गरज नाही. यंत्राची गरज पुढच्या गोष्टीसाठी आहे. पाणी उकळू लागल्यानंतर त्याचे तापमान वाढत नाही, मीटरवरचा आकडा मात्र तेवढाच राहतो, कारण आता सगळी वीज पाण्याची वाफ करण्यात जात असते. एक लिटर पाण्याची संपूर्ण वाफ करायला ते उकळीला आणण्याच्या सातपटीहून अधिक उष्णता लागते. उघड्या भांड्यात खळाखळा उकळत राहणारे पदार्थ मंद आचेवर ठेवलेल्या पदार्थांपेक्षा लवकर शिजत नाहीत. त्यांच्यातले पाणी तेवढे लवकर आटते. झाकण ठेवावे आणि उकळी फुटताच आच कमी करावी हा सल्ला प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला दिला आहे, पण पडद्यावर १,५०० चा आकडा ३०० वर आलेला असतानाही भांड्यातली उकळी टिकून आहे हे एकदा पाहिले की तो सल्ला पाळण्यासाठी कोणाला सांगावे लागत नाही. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्यांना हा आकडा दिसणार नाही, वाफेचा हिशेब मात्र त्यांच्याही शेगडीला लागू आहे.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी तापवण्याची सोय असेल तर मीटर काही मिनिटे दोन हजार वॅटच्या घरात दिसतो आणि मग शे-दोनशेवर उतरतो. पहिला आकडा हीटरचा, दुसरा मोटरचा. २० अंशांचे पाणी ६० ऐवजी ३० अंशांपर्यंतच तापवले तर तापवण्याचा खर्च एक चतुर्थांश होतो. आजारी माणसाचे कपडे किंवा अंथरूण यांना गरम पाणी हवेच, पण रोजच्या कपड्यांना ते क्वचितच लागते. इस्त्रीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो, निवली की पुन्हा जोडतो, आणि दर वेळी थंड इस्त्री तापवण्याचा खर्च वेगळा पडतो, म्हणून एकेक कपडा रोज करण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकत्र करणे स्वस्त पडते.

फ्रिज हे या मीटरच्या परीक्षेचे खरे ठिकाण. कारण त्याची वीज सलग चालत नाही, आणि क्षणाचा आकडा पाहून निष्कर्ष काढणारा येथे हमखास फसतो. फ्रिजला मीटर लावून समोर बसले तर कधी पडद्यावर दोन-तीन वॅटच दिसतात, मग बारीक घरघर सुरू होते आणि आकडा एकदम शंभर-सव्वाशेवर जातो, थोडा वेळ स्थिरावून हळूहळू खाली येतो आणि घरघर थांबताच पुन्हा दोन-तीनवर कोसळतो. दार उघडले की आतला दिवा तेवढे वॅट वाढवतो. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये अधूनमधून बर्फ वितळवणारा हीटर लागतो आणि तेव्हा घरघर नसतानाही आकडा मोठा दिसतो. अशा उपकरणाची मोजणी निदान पूर्ण २४ तासांची हवी. दोन-तीन दिवसांची असेल तर अधिक चांगले. उदाहरणार्थ, १२० वॅटचा कंप्रेसर दिवसातले १० तास चालला तर १.२ युनिटे होतात. तोच १५ तास चालू लागला तर १.८ होतात, आणि फ्रिज बाहेरून अगदी तसाच दिसतो.

हा फरक पाडणारी कारणे साधी असतात. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो, त्यामुळे मागची उष्णता बाहेर पडत नाही; दाराचे रबर सैल झालेले असते; आतले तापमान गरजेपेक्षा खाली ठेवलेले असते; गरम अन्न तसेच आत ढकलले जाते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज सुटली तर त्या ठिकाणी रबर धरत नाही. यांतली एकेक गोष्ट दुरुस्त करून पुन्हा २४ तास मोजले की कोणत्या दुरुस्तीने किती फरक पडला हे कळते. माझ्या मते मीटरची किंमत वसूल करणारी मोजणी हीच, कारण फ्रिज कधीच बंद नसतो आणि त्यात झालेली छोटी सुधारणाही वर्षाचे ३६५ दिवस चालू राहते. जुना फ्रिज दुरुस्त करावा की बदलावा, याचा निर्णयही नव्या फ्रिजच्या लेबलावरचा वार्षिक वापर आणि जुन्याचा मोजलेला वापर समोरासमोर ठेवून घेता येतो. लेबलावरचा आकडा ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीचा असतो, तेव्हा घरी तो थोडा जास्त येईल हे धरून चालावे.

आता चार्जरांकडे वळू. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे आहे, पण थेंब केवढा आणि तो किती वेळ पडतो याचा हिशेब केल्याशिवाय कोणती गळती आधी बुजवायची हे ठरत नाही. एखादे उपकरण सतत एक वॅट घेत राहिले तर वर्षाच्या ८,७६० तासांत ८.७६ युनिटे होतात. मोबाइल न जोडलेला आजचा चांगला चार्जर ०.१ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षाला एक युनिटही नाही. वर उल्लेख केलेल्या दोन अंघोळींच्या पाण्यात त्याचे सगळे वर्ष निघून जाते. याउलट रात्रंदिवस चालणारा राउटर ८ वॅट घेत असेल तर वर्षाला ७० युनिटे होतात, आणि रिमोटने बंद केल्यावरही १२ वॅट घेत राहणारा जुना सेट-टॉप बॉक्स शंभराचा आकडा ओलांडतो. दोघेही दिव्यासारखे उजेड पाडत नाहीत, म्हणून त्यांच्यावर कोणी ओरडत नाही. बंद असताना विजेची ही गळती एका वॅटच्या आत आणावी, असा पुढाकार आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये घेतला होता. युरोपीय संघाने अनेक घरगुती उपकरणांसाठी २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली; पडद्यावर माहिती दाखवत राहणाऱ्यांना त्यात थोडी सूट होती. त्यामुळे या बाबतीत जुन्या आणि नव्या उपकरणांत मोठे अंतर असते. चार्जर उपसत बसण्याऐवजी एकदा सगळी उपकरणे बंद अवस्थेत मोजावीत आणि पाच वॅटच्या वर असणारी तेवढी बटण असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणावीत, एवढे पुरेसे आहे.

येथवर स्तुती झाली. आता उणिवा.

सर्वांत मोठी उणीव अशी की घरातली बरीच उपकरणे पिनेने जोडलेली नसतात. छताचे दिवे, छताचे पंखे, थेट वायरिंगला जोडलेले गिझर आणि वातानुकूलन यंत्रे या मीटरच्या आवाक्याबाहेर राहतात, आणि विक्रेते हे सांगत नाहीत. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. घराच्या मुख्य मीटरवर, तो इलेक्ट्रॉनिक असेल तर, एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या पाटीवर छापलेले असते. समजा हा आकडा ३२०० आहे. तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचे. येणारा आकडा म्हणजे त्या क्षणी संपूर्ण घर घेत असलेले वॅट. पाटीवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागून ११२५ च्या जागी येणारी संख्या काढावी. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त ७५ वॅटचा जुना पंखा चालू ठेवला तर लाल दिवा दर १५ सेकंदांनी एकदा लुकलुकतो. त्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, पंखा असेल तर पुढच्या लुकलुकीसाठी सदतीस-अडतीस सेकंद वाट पाहावी लागते. हातात घड्याळ धरून मीटरसमोर उभे राहिले की हा फरक आकड्यांपेक्षाही स्पष्टपणे जाणवतो. प्लग-मीटर विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने ही पद्धत आधी वापरून पाहावी असे मी सुचवीन. काहींचे तेवढ्यावरच भागेल.

दुसरी उणीव अगदी लहान वापरांच्या अचूकतेची. एक-दोन वॅटच्या खाली स्वस्त मीटरांचा आकडा भरवशाचा नसतो. काही तर सरळ शून्य दाखवतात. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे काही हलक्या प्रतीचे मीटर व्होल्ट आणि अँपिअर यांचा नुसता गुणाकार करून त्यालाच वॅट म्हणतात. तापणाऱ्या उपकरणांबाबत हा गुणाकार बरोबर येतो, पण मोटर असलेल्या किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांबाबत तो खऱ्या वापरापेक्षा जास्त येतो, आणि घरगुती बिल सामान्यतः खऱ्या वॅटवर होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: मीटर पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट भागिले हा गुणाकार, दाखवत असेल आणि पंखा किंवा फ्रिज लावल्यावर तो १ पेक्षा कमी येत असेल, तर मोजणी नीट होत आहे. प्रत्येक उपकरणाला १ च दाखवणारा मीटर परत करावा.

पडद्याबद्दल माझी तक्रार जवळजवळ प्रत्येक मॉडेलला लागू होईल. सॉकेट बहुधा जमिनीलगत किंवा कपाटामागे असते आणि पडदा तिथेच राहतो, म्हणून फ्रिजचा आकडा वाचायला गुडघे टेकून विजेरी धरावी लागते. पडद्यामागे उजेड असलेला किंवा छोट्या वायरने पडदा वेगळा आणता येणारा प्रकार मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तोच घ्यावा. वीज गेल्यावर आकडे लक्षात ठेवण्याची सोय आहे का हेही पाहावे, कारण ती नसेल तर दोन दिवसांची फ्रिजची मोजणी एका झटक्यात पुसली जाते. वायफायवर चालणारे आणि मोबाइलवर आलेख काढणारे प्रकारही आहेत. ते दिसायला आकर्षक असतात, पण स्वतःच सतत वीज घेतात, अॅपवर खाते उघडायला लावतात आणि आलेख पाहण्याचा नाद लावतात. ज्या कामासाठी एक आकडा आणि एक कागद पुरतो त्याला एवढा थाट कशाला?

बहुतेक मीटरांत युनिटचा दर भरून खर्च पैशांत पाहण्याची सोय असते. ती मी वापरत नाही आणि वापरू नये असे मानतो. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून आलेला दर लोक त्यात भरतात आणि तिथेच हिशेब चुकतो. बिलातला स्थिर आकार बचत करूनही कमी होत नाही, म्हणून तो दरात धरणे चुकीचे. दुसरीकडे, वापर वाढेल तसा दर वाढत जाणारी टप्प्यांची पद्धत जिथे असेल तिथे वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होते. पहिल्या टप्प्याचा दर एक आणि शेवटच्या टप्प्याचा दोन धरला तर सरासरी दर दीडच्या आसपास निघेल, पण वाचलेल्या युनिटाची किंमत दोन आहे. मीटरमध्ये एकच दर भरता येतो. तेव्हा त्याच्याकडून फक्त युनिटे घ्यावीत आणि पैशांचा हिशेब बिलावरचा वरच्या टप्प्याचा दर पाहून कागदावर करावा. याच रीतीने मीटरची किंमत त्या दराने भागली की तो किती युनिटे वाचवल्यावर फुकट पडतो हे कळते. गिझर आणि फ्रिज यांचे वर दिलेले आकडे पाहता वर्षभरात ते जमणे अवघड नाही.

मात्र मोजल्याने वीज वाचत नाही, ती आपण काही बदलले तर वाचते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील सारा डार्बी यांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला होता. त्यात वापराचा आकडा लगेच दिसू लागलेल्या घरांत बचत बहुधा ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आढळली. हे मुख्यतः संपूर्ण घराचा वापर दाखवणाऱ्या पडद्यांबाबतचे निष्कर्ष आहेत, तरी अपेक्षा किती ठेवावी याचा अंदाज त्यांवरून येतो. बिल निम्मे होईल अशी जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल नोंदवलेली गोष्ट घरातही घडते: यंत्रे कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा कोळशाचा एकूण वापर कमी होण्याऐवजी वाढला. एलईडीला वीज कमी लागते म्हणून तो रात्रभर चालू राहतो, नवा फ्रिज काटकसरी म्हणून जुना फेकला न जाता दुसऱ्या खोलीत चालू ठेवला जातो. हा दुसरा प्रकार तर सगळ्या बचतीवर पाणी फिरवतो, आणि मीटर तेही दाखवतो, जर कोणी त्या जुन्या फ्रिजला तो लावला तर.

घरातल्या माणसांवर मीटरचा होणारा परिणाम उपयोगी आहे, पण त्यालाही एक बाजू आहे. आकडा समोर असला की कोणाच्या सवयीमुळे बिल वाढते यावरची धुसफुस थांबते; वडिलांचा राग आणि मुलांचा प्रतिवाद दोन्ही पडद्यासमोर थंड होतात, आणि बहुधा असे दिसते की ज्या गोष्टीवरून रोज भांडण होत होते ती हिशेबात नगण्य आहे. मात्र हाच आकडा म्हाताऱ्या माणसाच्या गरम पाण्यावर किंवा लहान मुलाच्या खोलीतल्या रात्रीच्या पंख्यावर रोखू नये. काटकसरीचा भार ज्याचा आवाज घरात सर्वांत लहान त्याच्यावर टाकणे फार सोपे असते. फ्रिजचे रबर, गिझरचे तापमान आणि मागच्या खोलीतला सेट-टॉप बॉक्स हे सगळे संपल्याशिवाय माणसांच्या सोयीकडे वळण्याचे कारण नाही.

हे उपकरण घ्यावे का? ज्यांच्या घरात फ्रिज जुना आहे, पाणी विजेवर तापते किंवा वॉशिंग मशीन गरम पाण्यावर चालते, त्यांना ते निश्चित उपयोगी पडेल. ज्यांच्याकडे चार एलईडी दिवे, दोन पंखे आणि एक मोबाइल आहे, त्यांनी लाल दिव्याची लुकलुक मोजावी आणि पैसे वाचवावेत. आणि ज्यांना घ्यायचे आहे त्यांनीही एकट्याने घेण्यापूर्वी शेजारीपाजारी विचारावे, कारण या वस्तूचा एक विचित्र गुण असा की काम नीट झाले की ती निकामी होते. घरातले सगळे एकदा मोजून झाले, बदल करून पुन्हा मोजले, की पुढची काही वर्षे तिला फडताळात पडून राहण्यापलीकडे काम उरत नाही. काही देशांतली सार्वजनिक ग्रंथालये हे ओळखून पुस्तकांप्रमाणेच असे मीटर वाचकांना घरी नेऊ देतात. जिथे तशी सोय नाही तिथे चार-पाच घरांनी मिळून एक चांगल्या प्रतीचा, १६ अँपिअरचा, उजेडाच्या पडद्याचा आणि आकडे लक्षात ठेवणारा मीटर घेणे हे प्रत्येकाने एकेक हलका मीटर घेण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे ठरेल. त्याच्यासोबत एक वही ठेवावी आणि प्रत्येक घराने कोणते उपकरण, किती तास, किती युनिटे एवढे लिहून पुढे द्यावे. दुसऱ्याच्या फ्रिजचा आकडा आपल्या फ्रिजशेजारी ठेवल्यावर रबर बदलण्याचा कंटाळा लवकर जातो. पुढच्या घरी पाठवण्यापूर्वी मात्र रीसेटचे बटण दाबून जुनी बेरीज पुसावी, नाही तर पहिल्याच दिवशी त्यांच्या फ्रिजच्या नावावर आपल्या इस्त्रीची युनिटे जमा झालेली दिसतील.